लोखंडी घराला दावं कशाला?

प्रश्न : आमची शेती कोंढ्याला, पवनी तालुक्यात. धानाच्या हंगामात शेतावरच मुक्काम असतो, म्हणून एक जुना २० फुटी कंटेनर घ्यायचं ठरवलं आहे. खिडक्या पाडून, आतून प्लाय लावून मिळतो. विकणारा म्हणाला, "चार कोपऱ्यांखाली चार विटा ठेवा, झालं. सव्वादोन टन लोखंड आहे, जातं कुठं?" आमचे आबाजी म्हणतात, "जनावर कितीही जड असलं तरी दाव्याशिवाय ठेवत नाहीत." दोघांत बरोबर कोण? — एक वाचक, कोंढा

उत्तर : आबाजी. आणि त्यांनी निवडलेला शब्दही नेमका आहे.

विकणारा वजनाबद्दल खोटं बोलत नाही. २० फुटी मालवाहू कंटेनर रिकामा २२०० ते २४०० किलोच्या आसपास भरतो. फसगत होते ती पुढच्या वाक्यात. वजन फक्त खाली दाबतं, वारा मात्र बाजूने ढकलतो आणि छपरावरून वर ओढतो. खाली दाबणाऱ्या भारासाठी टेकू लागतो, ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या वाऱ्यासाठी दावं. ही दोन वेगळी कामं आहेत. फिरत्या घरांच्या बाबतीत बहुतेक माणसं पहिलं काम करतात आणि दुसरं त्यातच झालं असं समजतात.

आता थोडा हिशोब करू. इमारतींवरचा वारा मोजण्यासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यातल्या नकाशावर तुमच्या शेजारच्या नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येऊ शकेल असा, जेमतेम तीन सेकंद टिकणारा झोत. पण घर पाडायला तीन सेकंद पुरतात. एवढ्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो पडतो. कंटेनरची लांब बाजू ६ मीटर, उंची २.६ मीटर, म्हणजे भिंत सुमारे पावणेसोळा चौरस मीटरची. गुणाकार केला की साडेअठराशे किलो येतात. वाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जी ओढ बसते ती यात अजून धरलेलीच नाही.

हा झोत बसला तर कंटेनर आधी उलटेल असं वाटतं, पण आधी तो घसरेल. काँक्रीटवर ठेवलेलं लोखंड आपल्या वजनाच्या चाळीसेक टक्के जोरालाच दाद देत नाही, त्यापुढे सरकतं. सव्वादोन टनांचे चाळीस टक्के म्हणजे नऊशे किलो. ढकलणारा जोर त्याच्या दुप्पट. म्हणजे कंटेनर विटांवरून सरकणार, एक कोपरा खाली उतरणार, आणि कललेल्या पेटीत वारा खालून शिरणार. पुढचं सांगायची गरज नाही.

उलटण्याचा हिशोब वेगळा. ढकलणारा जोर भिंतीच्या मध्यावर धरायचा, जमिनीपासून १.३ मीटरवर. रोखणारं वजन कंटेनरच्या मध्यावर, काठापासून १.२२ मीटरवर. जमिनीलगत ठेवलेला कंटेनर या परीक्षेत काठावर पास होतो. मागच्या भिंतीवरची ओढ मिळवली की तोही नापास. आणि पाणी-विंचू-सापाच्या भीतीने तुम्ही तो दोन फूट उचलून ठेवलात, तर वाऱ्याचा हात दोन फुटांनी लांबतो. मग नापास होण्यात काही शंकाच उरत नाही. उंच ठेवणं योग्यच आहे, मी तेच सुचवणार आहे. पण जितकं उंच, तितकं दावं पक्कं.

"अमक्याच्या शेतावर दहा वर्षं नुसता ठेवला आहे, काही झालं नाही," हे तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. त्याचंही उत्तर गणितात आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की दाब निम्मा होत नाही, चौथाई होतो. ताशी ८० किलोमीटरचा वारा, ज्यात आंब्याच्या फांद्या मोडतात, तो तुमच्या कंटेनरला फक्त साडेचारशे-पावणेपाचशे किलोंनी ढकलेल. कंटेनर जागचा हलणार नाही. दहा वर्षं तेवढाच वारा आला, एवढंच त्या अनुभवातून कळतं.

मुंबईत १३ मे २०२४ला घाटकोपरचा महाकाय जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला, ते आठवत असेल. नंतर व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी पाया तपासला. मुंबईसाठी हवा होता तोच ताशी १५८ किलोमीटरचा आकडा. पाया ताशी ४९ किलोमीटरपुरताच निघाला. लोखंडाची कमतरता तिथेही नव्हती. कमी पडलं ते जमिनीतलं.

तर आता जमिनीकडे येऊ, कारण तुमच्या भागात खरी गोम तिथे आहे. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मातीची नावं मी शिकवायची गरज नाही : कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी. धानाला जी प्रिय, ती घराला अप्रिय. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेली कोणतीही वस्तू वर्षाला एकदा वर जाते आणि एकदा खाली येते. चारही कोपरे सारखे वरखाली झाले असते तर बिघडलं नसतं. पण छपराचं पाणी ज्या बाजूला पडतं ती बाजू जास्त फुगते, आणि जिथे बाभूळ जवळ आहे तिथली जास्त सुकते. दोन पावसाळ्यांनंतर दार लागेनासं होतं, मग लोक सुताराला बोलावतात. सुताराचा काही दोष नसतो.

आणि त्या चार विटा. आत माणसं, पलंग, धान्याची पोती धरली तर एकेका कोपऱ्यावर सहज टनभर भार येतो. एका विटेच्या तळावर तो टन ठेवला की मातीवर चौरस मीटरला चाळीस टनांच्या वर दाब पडतो. भिजलेल्या मऊ चिकणमातीवर पाच टनांहून जास्त टाकायला कुठलाही शहाणा अभियंता कचरेल. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका साइटवर आम्हीच ऑफिसची केबिन अशी विटांवर ठेवली होती. जुलैमध्ये तिचा एक कोपरा इतका खाली गेला की टेबलावर ठेवलेली पेन्सिल स्वतःहून दाराकडे चालू लागली. मुकादमाने तिथे आणखी दोन विटा सरकवल्या. ऑगस्टमध्ये आणखी दोन.

म्हणून पहिली गोष्ट, जागा. शेतात बर्डीचा किंवा मुरमाड तुकडा असेल तर कंटेनर तिथे, मग तो विहिरीपासून लांब का पडेना. बांधीत तर मुळीच नको. उंच तुकडा नसेलच, तर जिथे ठेवायचा तिथली काळी माती काढायची, खाली मुरूम लागला तर उत्तम, नाहीतर मुरूम आणून भरायचा. एकदम भरून वरून रोलर फिरवण्याला अर्थ नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि दबाई. भराव कंटेनरच्या चारही बाजूंना तीन-चार फूट पुढे यायला हवा आणि बाहेरच्या बाजूला उतरता. छपराचं पाणी पन्हळीने दूर सोडायचं. एवढं केलं की फुगण्याची अर्धी कटकट संपते.

दुसरी गोष्ट, टेकू कुठे. कंटेनर हा कोपऱ्यांवर उभा राहण्यासाठीच जन्माला आलेला असतो. जहाजावर ते एकावर एक रचतात तेव्हा सगळा भार कोपऱ्यातल्या लोखंडी ठोकळ्यांमधून आणि खांबांमधून खाली जातो. तेव्हा टेकू ठोकळ्यांच्या बरोबर खाली, इंचभरही इकडेतिकडे नाही. मात्र कंटेनरची नालीदार भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हे, तीही भार पेलते. तुम्ही लांब बाजूला मोठी खिडकी किंवा दुसरं दार पाडून घेणार असाल, तर त्या तोंडाला चौकट म्हणून चौकोनी पाइप वेल्ड केला आहे का ते बघा आणि खाली मधोमध एकेक जादा टेकू द्या. पोर्टा केबिनची गोष्ट निराळी. तिचा सांगाडा हलक्या चॅनेलचा असतो, तिला दर पाच-सहा फुटांवर टेकू लागतो. दिसायला दोन्ही सारखीच खोकी.

टेकू म्हणजे काय, तर अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा, त्यावर सळयांचा छोटा कॉलम. हे माप मी हवेतून काढलेलं नाही. असा एक ठोकळा सुमारे बाराशे किलोंचा होतो. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचे दोन ठोकळे मिळून चोवीसशे किलो, म्हणजे तुमच्या कंटेनरएवढंच आणखी वजन, तेही कंटेनरच्या मध्यावर नाही तर थेट काठावर, जिथे त्याचा हात दुप्पट लांब. छपरावरची ओढ धरूनही हिशोब बसतो. मात्र एक खोच आहे. पावसाळ्यात तुमच्याकडे पाणी जमिनीच्या वरवर येतं, आणि पाण्यात बुडालेलं काँक्रीट हलकं होतं. बाराशेचे सातशे उरतात. तेव्हा काठावरचा हिशोब करू नका. गावातल्या मिस्त्रीला काम द्या, पण माप एकदा भंडाऱ्याच्या किंवा पवनीच्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याच्या नजरेखालून घाला.

चारही कॉलमची डोकी एका पातळीत आणायला लेझर लागत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. गवंडी पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरत आले आहेत.

तिसरी गोष्ट, दावं. ओल्या काँक्रीटमध्येच जाड लोखंडी प्लेट, खाली वाकवलेले जे-बोल्ट सळयांत अडकवून, बसवून घ्यायची. नंतर ड्रिल मारून ठोकलेला बोल्ट त्याची बरोबरी करत नाही. कंटेनरच्या कोपऱ्यातल्या ठोकळ्याला लांबट भोक असतं, ते उगाच नसतं. ट्रेलरवर कंटेनर त्याच भोकात पिळाचा खटका फिरवून अडकवतात, त्याला ट्विस्टलॉक म्हणतात. भंगारात जुने मिळतात. तो खटका प्लेटवर वेल्ड करा, वर कंटेनर उतरवा, पीळ द्या. उद्या कंटेनर हलवायचा झाला तर गॅस कटर लागणार नाही. ट्विस्टलॉक मिळाला नाही तर ठोकळा थेट प्लेटला वेल्ड केला तरी चालेल, फक्त वेल्डिंगवर दोन हात रंग द्या, नाहीतर तिसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंजायला सुरुवात होईल.

छपरावरून तारदोर टाकून चार खुंट्यांना बांधणं हा दुसरा मार्ग. तो हलक्या पोर्टा केबिनसाठी. कारण तिथे तळ कितीही घट्ट बांधला तरी वरची भिंत तळाला चार रिव्हेटांवर धरलेली असू शकते, आणि मग तळ जागेवर राहतो, घर जातं. दोर वापरला तर ताण देणारा टर्नबकल हवा, छपराच्या काठावर दोर घासू नये म्हणून अँगल हवा, आणि मृगाच्या आधी नाही तर एप्रिलच्या सुरुवातीलाच एकदा सगळं आवळून घ्यायला हवं. विदर्भातली वावटळ पावसाळ्याची वाट पाहत नाही. ९ एप्रिल २०२३ला अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनशेडवर झाड पडून सात माणसं गेली, ती अवकाळीच्या वाऱ्यातच. झाडाचा विषय निघालाच आहे तर : सावली हवी म्हणून कंटेनर जुन्या झाडाखाली ठेवू नका. त्यावर कुठलंच दावं उपयोगाचं नाही.

खुंटी म्हणजे जमिनीत ठोकलेली पहार नव्हे, हे सांगून ठेवतो. सुक्या कन्हारीत ती दगडासारखी घट्ट बसते आणि भिजल्यावर हाताने निघते. तुमच्याच आसपास कोणाकडे सौर कृषी पंप बसला असेल तर त्याच्या खांबाचं काम आठवा. पॅनेलचं वजन ते किती, पण खड्डा आणि काँक्रीट मात्र भरपूर. तो खड्डा पॅनेल पेलण्यासाठी नसतो, वाऱ्यात ते पतंगासारखं उडू नये म्हणून असतो.

हे सारं अमेरिकेने महाग किंमत मोजून शिकलं. तिथे कारखान्यात तयार होणाऱ्या, ट्रकमागे ओढत आणून ठेवायच्या घरांत लाखो माणसं राहतात. त्यांना मोबाइल होम म्हणतात, पण एकदा ठेवलेलं बहुतेक घर पुन्हा कधी हलत नाही. ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दक्षिण भागात शिरलं आणि अशा घरांच्या वसाहतीच्या वसाहती भुईसपाट झाल्या. १९९४मध्ये तिथल्या केंद्र सरकारने वाऱ्याचे पट्टे ठरवून नियम कडक केले.

आपल्याकडे अशा घरांची वेळ येते ती बहुधा संकटानंतर. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्ये हलवलं गेलं. ती सोय तात्पुरती होती, पण वर्ष उलटून गेलं तरी माणसं तिथेच होती. इथे मानकातली एक बारीक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. तात्पुरत्या बांधकामासाठी आयएस ८७५ वाऱ्याच्या वेगात सूट देतं, कारण त्याचं आयुष्य पाच वर्षं धरलेलं असतं. पन्नास वर्षांतला वारा त्या पाचांत येण्याची शक्यता कमी. हिशोब योग्य आहे. पण महाराष्ट्रात "तात्पुरतं" या शब्दाचं आयुष्य किती असतं, ते आपण सगळे जाणतो. तुमचा कंटेनरही मुलांच्या लग्नापर्यंत तिथेच असणार. सूट घेऊ नका.

राहिला पूर. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी आलं, वैनगंगा फुगली, गोसीखुर्दची ३३ही दारं उघडावी लागली, आणि पवनी तालुक्याने काय पाहिलं ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. कंटेनरचा तळ सुमारे पंधरा चौरस मीटरचा. संसारासकट तीन टन वजन धरलं तर पाणी तळापासून जेमतेम आठ इंच चढलं की तो तरंगायला लागतो. दारं जितकी घट्ट, तितका लवकर. ठोकळ्यांना बांधलेला असला तर आणखी आठेक इंच दम धरेल. म्हणजे दावं वाऱ्यासाठी आहे, पुरासाठी नाही. पुराला उत्तर एकच, २०२०ची खूण जिथे होती त्याच्या वर घर. गावातली म्हातारी माणसं ती खूण भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. तुमच्या घरात तर आबाजीच आहेत.

प्रश्न : कंटेनरला अर्थिंग लागतं का? तो तर जमिनीलाच टेकलेला असतो. — तेच वाचक

उत्तर : लागतं. काँक्रीट आणि रंग यांच्यावर बसलेलं लोखंड जमिनीला नीट जोडलेलं असेलच असं नाही. सगळं घरच धातूचं असल्यामुळे एक वायर कुठे सोलली गेली तर बाहेरून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला झटका बसेल, तोही चिखलात अनवाणी उभं असताना. सांगाड्याला वेगळं अर्थिंग करा, आत गळती पकडणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, बसवा, आणि खिडक्या कापताना उरलेल्या धारदार कडांवरून वायर नेऊ नका.

प्रश्न : कंटेनरऐवजी ट्रॉलीच्या सांगाड्यावर चाकांचं घर केलं तर पायाचा खर्च वाचेल का?

उत्तर : पायाचा थोडा वाचेल, दाव्याचा नाही. चाकांचं घर आणखी हलकं आणि आणखी उंच, म्हणजे वाऱ्याला दोन्हीकडून सोयीचं. उभं असताना भार टायरवर ठेवू नका. टायरची हवा उतरते आणि घर एका रात्रीत कलतं. सांगाड्याच्या मुख्य चॅनेलखाली, आसाखाली नव्हे, चार-सहा जागी स्क्रूजॅक द्या, जॅकखाली रुंद फळी किंवा काँक्रीटची लादी, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. बैल सोडल्यावर गाडीचं जू आपण टेकूवर ठेवतो आणि चाकाखाली दगड सरकवतो, तेच. त्यानंतर सांगाड्याच्या चार कोपऱ्यांपासून जमिनीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपर्यंत साखळी आणि टर्नबकल. मळणीच्या वेळी घर खळ्याकडे न्यायचं असेल तर खळ्यावरही असेच चार ठोकळे आधी पुरून ठेवा, कडी जमिनीसपाट, म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरला लागणार नाही.